आधी घरात विचारावे

मराठी शिकवणाऱ्यांनी संगणकाच्या पोटातल्या गोष्टींविषयी लिहू नये, असा एक अलिखित संकेत आहे आणि तो आम्हांलाही आजवर मान्य होता. प्रश्नपत्रिका टंकित करणे, गुणांचे तक्ते भरणे आणि अधूनमधून एखाद्या चर्चासत्राचे निमंत्रण धाडणे, याहून आमचा त्या यंत्राशी अधिक संबंध आला नाही. परंतु गेल्या काही वर्षांत वेंगुर्ल्यातल्या आमच्या विभागात एका नावाची अशी काही ससेहोलपट झाली, की शब्द 'आहे' किंवा 'नाही' हे आपण शिक्षक मंडळी कशाच्या बळावर ठरवतो, याचा आम्हांला नव्याने विचार करावा लागला. तो मांडायचा तर थोडा तांत्रिक तपशील सांगणे भाग आहे. वाचकांनी तो सोसावा. आम्हीही सोसला आहे.

आम्हा दोघांपैकी एकही मूळचा कोकणातला नाही. एक सोलापूरकडचा, दुसरा जळगावकडचा. नोकरीच्या निमित्ताने येथे आलो आणि राहिलो. येथली बोली पहिल्या दिवसापासून कानांवर पडत होती; पण कानांपासून तपासणीच्या लाल पेनापर्यंत पोहोचायला तिला बरीच वर्षे लागली. २०१५ साली प्रथम वर्षाच्या वर्गाला 'माझे घर' असा निबंधाचा विषय दिला होता. एका विद्यार्थिनीने लिहिले होते, की तिच्या महाविद्यालयीन शिक्षणासाठी आजीने दोन कुणगे गहाण टाकले. 'कुणगे' या शब्दाभोवती आम्ही लाल वर्तुळ काढले आणि समासात प्रश्नचिन्हासह लिहिले : 'कोपरे?' वर्तुळ काढण्यापूर्वी आम्ही टेबलावरचा कोश उघडून पाहिला होता, हे आमच्या बाजूने सांगितले पाहिजे. त्यात शब्द दिसला नाही. कोशात नाही म्हणजे नाही, एवढा साधा न्याय आम्ही लावला. मुलीने कागद घेतला, वर्तुळाकडे पाहिले आणि काही बोलली नाही. पुढच्या लेखनात तिने 'शेत' असा निर्दोष शब्द वापरला आणि आम्ही समाधानाने बरोबरची खूण केली.

कुणगो म्हणजे भातशेतीचा बांध घातलेला लहान तुकडा. हे आम्हांला कळले तीन वर्षांनी, आणि तेही त्याच आजीच्या तोंडून. २०१८मध्ये विभागाने विद्यार्थ्यांकडून घरातल्या जाणत्या माणसांची ध्वनिमुद्रणे करून घ्यायला सुरुवात केली. शेतीची कामे, रापणीची रीत, दशावतारातल्या आठवणी, पदार्थ, शिव्या, ओव्या, जे मिळेल ते. ती मुलगी तेव्हा तृतीय वर्षात होती. तिने आजीला बोलते केले आणि आजी वायंगणाच्या शेतीविषयी पाऊण तास बोलली. 'दोन कुणगे गेले, एक रवलो,' असे त्यात एक वाक्य होते. आमच्यापैकी एकाने ते कानाला लावून ऐकले आणि दुसऱ्याला ऐकवले. त्या दिवशी विभागात फारसे बोलणे झाले नाही.

ही मुद्रणे ठेवायची कुठे, असा प्रश्न होता. प्रयोगशाळेने मोडीत काढलेला एक संगणक मिळाला. मुंबईतल्या एका स्नेह्याने त्यावर डेबियन नावाची लिनक्सची आवृत्ती बसवली, मुद्रणांची यादी दाखवणारे एक पान तयार केले आणि यंत्र विभागाच्या खोलीतल्या कपाटात ठेवून दिले. शेजारच्या अभ्यासिकेतल्या कोणत्याही संगणकावर एक नाव टंकित केले, की ते पान उघडे. ते नाव स्नेह्याने रीतसर पैसे भरून परदेशातल्या एका नोंदणीदाराकडे नोंदवले होते. यंत्र कपाटात, नाव परदेशात, ही व्यवस्था आम्हांला तेव्हा विचित्र वाटली नाही. किंबहुना प्रतिष्ठेची वाटली.

२०२२च्या जुलैत ती मुलगी पुन्हा विभागात आली. आजी वारली होती. दुसऱ्या दिवशी तेरावा होता, आणि आजीचा आवाज तिला वडिलांना व आत्याला ऐकवायचा होता. पाऊस आठवडाभर कोसळत होता आणि इंटरनेटची तार कुठेतरी तुटलेली होती. आम्ही तिला म्हटले, हरकत नाही, यंत्र येथेच आहे. नाव टंकित केले. थोडा वेळ चक्र फिरले आणि पडद्यावर आले : सर्व्हर सापडला नाही. पुन्हा केले, पुन्हा तेच. कपाटाच्या जाळीतून यंत्राचा हिरवा दिवा आम्हां तिघांनाही दिसत होता. हात लांबवला असता तर यंत्राला लागला असता. "म्हणजे नाहीच का सर?" तिने विचारले. आम्ही म्हणालो, "आहे गं, आहे. पण सापडत नाही." दुपारची एसटी गाठायची होती, म्हणून ती निघून गेली. प्रयोगशाळेतला साहाय्यक रजेवरून परतल्यावर ते मुद्रण तिला पाठवले. पण तोवर तेरावा होऊन गेला होता.

साहाय्यकाला आम्ही विचारले, की हातभर अंतरावरचे यंत्र सापडू नये, हे कसे? त्याने जे समजावले ते आमच्या शब्दांत असे : यंत्रे एकमेकांना नावाने ओळखत नाहीत, अंकांनी ओळखतात. कपाटातल्या यंत्राचा अंक होता १९२.१६८.१.२०. '१९२.१६८'ने सुरू होणारे हे अंक खाजगी वापरासाठी राखलेले असल्याने ते जगभर घरोघरी तेच असतात, मातीच्या चुलींप्रमाणेच. माणसांना अंक लक्षात राहत नाहीत, म्हणून नावे. नाव टंकित केले, की यंत्राने कोणाला तरी विचारायचे, 'या नावाचा अंक काय?' आणि उत्तर आले की त्या अंकाकडे जायचे. या विचारण्याला ते लोक नावाचा उलगडा म्हणतात. आमच्या अभ्यासिकेतला संगणक तो प्रश्न सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या यंत्राला विचारी, ते आणखी कोणाला विचारी, आणि समुद्रापलीकडून उत्तर येई : १९२.१६८.१.२०, म्हणजे, तुझ्या शेजारच्या कपाटात. तार तुटली आणि विचारायची वाट बंद झाली. यंत्रापर्यंतची वाट मोकळीच होती.

मग त्याने काळ्या पडद्यावर एक आज्ञा देऊन आम्हांला एक गोष्ट दाखवली आणि ती आम्ही विसरलेलो नाही. ब्राउझर सगळ्याच अडचणींना 'सापडले नाही' म्हणतो. पण आतली व्यवस्था दोन निराळी उत्तरे देते. एक उत्तर असे, की हे नाव ठाऊक नाही. म्हणजे ज्याच्याकडे अधिकार आहे त्याला विचारले आणि त्याने नाही म्हटले. दुसरे असे, की नावाच्या उलगड्यात तात्पुरते अपयश आले. म्हणजे विचारताच आले नाही, किंवा उत्तर पोहोचले नाही. पहिला नकार आहे, दुसरी स्वतःच्या असमर्थतेची कबुली आहे. आमच्या पडद्यावर दुसरे उत्तर होते.

लाल वर्तुळ काढताना आमच्याकडेही दुसरेच उत्तर होते आणि आम्ही पहिले दिले. आमच्या टेबलावर एक कोश होता. त्यापलीकडे कोणाला विचारायची सोय आम्ही केलेली नव्हती. शिपायाला विचारले असते तरी शब्द कळला असता. 'आम्हांला विचारता आले नाही' असे समासात लिहायला जागा होती. आम्ही 'कोपरे?' लिहिले. त्यातले प्रश्नचिन्हही सौजन्याचे होते. गुण कापलेले होतेच.

साहाय्यकाने केलेला उपाय अगदी साधा होता. युनिक्सच्या वंशातल्या प्रत्येक यंत्रात 'ईटीसी' नावाच्या कप्प्यात 'होस्ट्स' नावाची एक लहानशी फाइल असते. तिची पहिली ओळ बहुधा सर्वत्र सारखी : १२७.०.०.१, आणि पुढे 'लोकलहोस्ट'. हे यंत्राने स्वतःला हाक मारण्याचे नाव. त्याखाली आपण आपल्या ओळखीचे अंक आणि नावे लिहू शकतो. आधी अंक, मग मोकळी जागा, मग नाव, हवी असल्यास आणखी नावे. त्याच कप्प्यात 'एनएसस्विच' नावाची दुसरी फाइल असते. तीत नावे कोठे शोधायची याचा क्रम दिलेला असतो, आणि तो क्रम बहुतेक ठिकाणी असा असतो : आधी फाइल, मग डीएनएस. म्हणजे आधी घरात विचार, मग जगाला. तिसरी फाइल 'रिझॉल्व्ह', तीत जगाला विचारायचे तर कोणत्या अंकाच्या दारी जायचे ते लिहिलेले असते. हिच्या माथ्यावर पुष्कळदा 'ही फाइल हाताने बदलू नये' अशी तंबी असते, कारण ती दुसरेच कोणी परस्पर लिहीत असते. आम्ही ती हौसेने बदलून पाहिली, आणि यंत्र पुन्हा सुरू करताच आमचे अक्षर पुसले गेलेले पाहिले. नव्या यंत्रांत तर तीत १२७.०.०.५३ असा यंत्राचा स्वतःचाच एक अंक असतो. विचारणारा आधी आपल्याच घरातल्या मध्यस्थाला विचारतो.

साहाय्यकाने अभ्यासिकेतल्या सात संगणकांच्या होस्ट्स फाइलींत एकेक ओळ लिहिली. तार तुटलेलीच होती. नाव टंकित केले आणि पान उघडले. आजीचा आवाज खोलीत आला, चार दिवस उशिरा.

या फाइलीचा इतिहास आम्ही मागाहून वाचला. तो वाङ्मयाच्या अभ्यासकांनाही परका वाटणार नाही. इंटरनेटची पूर्वज असलेल्या आर्पानेटवर सगळ्या जगाची मिळून अशी एकच फाइल होती. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळत असे. कोणाला नवे यंत्र जोडायचे असले, की त्यांना कळवायचे. त्या यादीत नाव चढवीत, आणि बाकीचे वेळोवेळी ती यादी उतरवून घेत. एक कोश, एक संपादक मंडळ, आणि सर्वांनी त्याच्या प्रती बाळगायच्या. यंत्रे वाढली तशी यादी अपुरी पडू लागली. नवी प्रत पोहोचेपर्यंत ती जुनी झालेली असे. १९८३मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी निराळी व्यवस्था मांडली आणि १९८७मध्ये तिला आज परिचित असलेले रूप आले. तीच डीएनएस. तिच्यात सगळी नावे कोणा एकाला ठाऊक नसतात. मुळाशी बसलेल्याला एवढेच ठाऊक, की अमक्या शेवटाच्या नावांसाठी कोणाला विचारावे. त्याला ठाऊक, की त्यातल्या अमक्या घराण्यासाठी कोणाला विचारावे. आणि खरे उत्तर सर्वांत खालच्या, ज्याचे नाव आहे त्याच्या जवळच्या माणसाकडे.

हे वाचताना आम्हांला पत्रावरचा पत्ता आठवला. आपण लिहितो नाव, मग घर, मग वाडी, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. लहानापासून मोठ्याकडे. टपालखाते वाचते ते खालून वर : आधी जिल्हा, मग तालुका, शेवटी माणूस. डोमेन नावेही तशीच, लिहिताना लहानाकडून मोठ्याकडे आणि उलगडताना उजवीकडून डावीकडे. आणि टपालातही नावाच्या जोडीला अंक आले. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. तो ज्यांनी रचला ते श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृत कवी आणि नाटककार होते, ही गोष्ट आम्ही वर्गात अभिमानाने सांगतो. वेंगुर्ल्याचा अंक ४१६५१६. यातले पहिले तीन अंक कोल्हापूरचेही तेच. अंकांच्या जगात आम्ही घाटावरच्यांचे सख्खे शेजारी. बोलीच्या जगात तसे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

पण अंक आणि जिल्हा यांनी पत्र गावापर्यंत येते. पुढे काय? एका वाडीत एकाच नावाआडनावाची चार माणसे असतात. तेथे पोस्टमनच्या डोक्यात एक होस्ट्स फाइल असते, आणि तिच्यात पत्त्यावर नसलेली नावे असतात : वरचा, खालचा, पिंपळाखालचा, मुंबईवाल्याचा. ही यादी कोणत्याही कार्यालयात नाही. तो पोस्टमन बदलून गेला, की काही दिवस पत्रे भरकटतात.

कोकणी आडनावांकडे या दृष्टीने पाहावे. खानोलीचे खानोलकर, मातोंडचे मातोंडकर, परुळ्याचे परुळेकर, दाभोलीचे दाभोलकर, रेडीचे रेडकर. प्रत्येक आडनावाच्या उजव्या टोकाला तो 'कर' बसलेला असतो आणि त्याच्या आधी गाव. माणूस आज मुंबईत असो वा मस्कतमध्ये, चौकशी कोठून सुरू करायची ते आडनाव सांगते. चौकशी तेथे संपते असे मात्र नाही. १९३०मध्ये वेंगुर्ल्याजवळ जन्मलेल्या चिंतामण त्र्यंबक खानोलकरांचे उदाहरण घ्यावे. कविता आरती प्रभू या नावाने, कादंबऱ्या आणि नाटके खानोलकर या नावाने. ग्रंथालयात 'नक्षत्रांचे देणे' एका कपाटात आणि 'कोंडुरा' दुसऱ्या. नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला ही दोन माणसे वाटतात आणि तसे वाटण्यात त्याचा काही दोष नाही. होस्ट्स फाइलीत एका अंकापुढे दोन नावे लिहिण्याची सोय असते. आम्ही आमच्या ग्रंथालयाच्या यादीत ती करून घेतली आहे.

गावाच्या नावाचेही तेच. कोणी वेंगुर्ले लिहितो, कोणी वेंगुर्ला, बोलीत येंगुर्ला. इंग्रजांच्या जुन्या कागदांत विंगोर्ला. सतराव्या शतकात येथे वखार घालणाऱ्या डचांनी आपल्या जिभेला झेपेल तसे आणखी काही केले. माणसाला हे सगळे एकच गाव आहे हे कळते. यंत्राला एका मात्रेचा फरक म्हणजे दुसरे गाव.

येथवर वाचून आम्ही स्थानिकतेचा कैवार घेत आहोत, असे कोणाला वाटेल. आमचाही काही काळ तसाच समज झाला होता. घरची यादी आधी, जग नंतर, हे सूत्र आम्ही एका कार्यशाळेत टाळ्या घेत मांडलेही. त्याचे प्रायश्चित्त २०२३मध्ये मिळाले.

त्या वर्षी राउटर बदलला. नव्या राउटरने अंकांचे वाटप नव्याने केले आणि कपाटातल्या यंत्राचा जुना अंक अभ्यासिकेतल्या प्रिंटरला मिळाला. सात संगणकांच्या फाइलींत मात्र जुनीच ओळ होती. आम्ही नाव टंकित केले तेव्हा प्रिंटरचे पान उघडले आणि त्याने कळवले, की काळी शाई संपत आली आहे. गंमत पुढेच आहे. स्नेह्याने परदेशातल्या नोंदीत नवा अंक तत्काळ लिहिला होता. जगाकडे बरोबर उत्तर तयार होते. पण आमची यंत्रे जगाला विचारीतच नव्हती. घरच्या फाइलीत उत्तर मिळाले, की पुढे कोणाला विचारायचेच नाही, असा क्रम. ते उत्तर चुकीचे आहे, हे फाइलीला कळायचा मार्ग नसतो. तिच्यावर तारीख नसते, मुदत नसते. डीएनएसमधून आलेल्या प्रत्येक उत्तरासोबत ते किती सेकंद खरे मानायचे याचा आकडा असतो. तो संपला की पुन्हा विचारावे लागते. होस्ट्स फाइलीतली ओळ मात्र कोणी पुसेपर्यंत खरी.

आम्हांला आमच्याच व्यवसायातली कितीतरी उदाहरणे आठवली. कोणा जुन्या शिक्षकाने एकदा सांगितलेली व्युत्पत्ती, जी आम्ही वर्षानुवर्षे टिपणवहीतून पुढच्या टिपणवहीत उतरवली. 'आमच्याकडे असेच म्हणतात' हे वाक्य, जे म्हणणारे लोक एव्हाना निराळे म्हणू लागलेले असतात. आजीच्या मुद्रणातले काही शब्द तिच्या नातवंडांच्या बोलण्यात आता नाहीत, आणि काहींचा अर्थ सरकला आहे. बोलीचा कैवार घेणाऱ्याने तिची यादी करून कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात टाकली, तर काही वर्षांनी शब्द विचारणाऱ्याला प्रिंटर भेटेल.

मग उपाय काय? साहाय्यकाने तो केला आणि आम्ही शेजारी बसून पाहिला. सात ठिकाणी सात याद्या ठेवण्याऐवजी त्याने कपाटातल्या यंत्रावरच 'डीएनएसमास्क' नावाचा एक लहान कार्यक्रम बसवला. तो त्या एका यंत्राची होस्ट्स फाइल वाचतो आणि कोणी विचारले तर त्यातून उत्तर देतो. तीत नसलेले नाव असेल तर स्वतः बाहेर विचारून आणतो व थोडा वेळ लक्षात ठेवतो. राउटरला सांगितले, की जो कोणी जाळ्यात येईल त्याला विचारण्यासाठी याचे दार दाखव, आणि या यंत्राचा अंक कधी बदलू नको. सात संगणकांतल्या ओळी पुसून टाकल्या. आता चूक झाली तर ती एका ठिकाणी होते आणि दुरुस्तीही एका ठिकाणी. कपाट बंद पडले, तर सगळ्यांचेच विचारणे खुंटते, हा या व्यवस्थेचा तोटा. पण निदान यादीला एक राखणदार आहे आणि तो बाहेरच्यांशी बोलणे ठेवून आहे.

राहिला प्रश्न नावाचा. परदेशात पैसे भरून घेतलेले नाव आता नको होते. पण मनाला येईल ते नाव ठेवावे, तर उद्या तेच नाव जगात कोणी विकत घेतले म्हणजे दोघांत गोंधळ. 'लोकल' हा शेवट सोयीचा वाटला होता, परंतु तो २०१३पासून निराळ्या कामासाठी राखलेला आहे : त्यात कोणा एकाला न विचारता जाळ्यातल्या सगळ्यांना एकदम हाक मारतात, 'या नावाचा कोण आहे?' वाडीत उभे राहून आरोळी द्यावी तसे. सुदैवाने २०२४मध्ये जगातल्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने 'इंटर्नल' हा शेवट केवळ खाजगी वापरासाठी राखून ठेवला. तो जगाच्या यादीत कधी घालायचा नाही, कोणाला विकायचा नाही. ज्याने त्याने आपल्या घरात वापरावा. गावाने गायरान सोडावे तसे नावांच्या बाजारात सोडलेले हे गायरान. आम्ही तेथे उतरायचे ठरवले.

आणि त्याच्या आधी काय लिहायचे, यावर आम्हा दोघांत चर्चा झालीच नाही. 'कुणगो'.

देवनागरीतले नाव यंत्राला चालते का? चालते आणि चालत नाही. ऑगस्ट २०१४मध्ये '.भारत' हा देवनागरी शेवट सुरू झाला, तेव्हा आम्हांला वाटले होते की आता नावे खरोखर आपल्या लिपीत आली. आत डोकावल्यावर कळले, की डीएनएसच्या पोटात आजही रोमी अक्षरे, अंक आणि आडवी रेघ एवढेच असते. देवनागरी नाव टंकित केले, की ब्राउझर २००३मध्ये ठरलेल्या 'प्युनीकोड' या रीतीने त्याचे रूपांतर करतो : 'एक्सएन', दोन आडव्या रेघा, आणि पुढे उच्चारता न येणारी रोमी अक्षरांची माळ. तीच माळ आम्हांला होस्ट्स फाइलीत लिहावी लागली. घरच्या शब्दाला घरच्याच यादीत परका वेष. खेद वाटला, पण अडून बसलो नाही. सगळा दशावतार वेष चढवूनच उभा राहतो आणि प्रेक्षकांना आतला माणूस ठाऊक असतो. एक व्यावहारिक सूचना मात्र ध्यानात ठेवावी. नावाच्या शेवटी तिरपी रेघ दिली नाही, तर काही ब्राउझर त्याला शोधाचा शब्द समजून परस्पर जगाला विचारायला जातात. आधी घरात विचारण्याची सवय यंत्रालाही सांगून लावावी लागते.

नाव नोंदवण्यापूर्वी आम्ही त्या मुलीला फोन केला. ती आता गोव्यात नोकरीला असते. कुणगो लिहायचे की कुणगा, हे आम्हांला तिच्याकडूनच ठरवून घ्यायचे होते. लेखनात 'कुणगा' अधिक शिष्टसंमत दिसले असते. ती म्हणाली, "आजी कुणगो म्हणायची. पण कुणगा लिहूनही कोणी शोधेल, सर." म्हणून एका अंकापुढे दोन्ही नावे लिहिली, आधी ओकारान्त, मग आकारान्त.

या सगळ्या व्यवस्थेत एक तपशील आम्हांला सर्वांत अधिक टोचतो, तो सांगून थांबतो. विचारून आणलेले उत्तर यंत्र काही काळ लक्षात ठेवते, हे वर आलेच. नकारही ते लक्षात ठेवते. 'असे नाव नाही' हे उत्तर एकदा मिळाले, की त्याच्या मुदतीत पुन्हा कोणी विचारले तरी ते पुढे विचारायला जात नाही. मागचाच नकार उचलून देते. १९९८मध्ये या नकाराच्या स्मरणाचे नियम ठरवले गेले आणि त्यांत एक शहाणपण आहे : नकारालाही मुदत असावी, आणि ती फार लांब नसावी.

फोन ठेवता ठेवता ती हसून म्हणाली, "सर, यादीत कुणगोच्या पुढे कंसात 'कोपरे' असं लिहिलं नाहीत ना?"

नऊ वर्षे झाली होती. आम्ही 'नाही' म्हणालो.